वॉरंटी कार्डाची मागची बाजू

२०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या बेडरूममधला एसी गार करेनासा झाला. त्या वेळी त्या एका यंत्रावर तीन कागद चालू होते: कॉम्प्रेसरवर कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी, पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर, पाच वर्षांची, आणि खरेदीच्या वेळी दुकानातून पैसे देऊन घेतलेला, पहिल्या वर्षाची वॉरंटी संपल्यावर लागू होणारा दोन वर्षांचा एक्स्टेंडेड प्लॅन. कंपनीचा मॅकेनिक आला, फिल्टर काढून पाहिला, गेज लावला आणि गॅस उतरलाय म्हणाला. कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांचा संच) बदलावी लागेल, गॅस भरावा लागेल, सगळं मिळून अकरा-बारा हजारांपर्यंत जाईल, असा हिशोब त्याने सांगितला. तिन्ही कागदांपैकी एकही लागू होत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

कॉम्प्रेसर ठीक होता, त्यामुळे दहा वर्षांचा उपयोग नाही. पीसीबी ठीक होता, त्यामुळे पाच वर्षांचाही नाही. राहिला दुकानातला प्लॅन. त्याबद्दल मॅकेनिक म्हणाला, "मॅडम, कोरोजनला कोणीच देत नाही." आणि जॉब शीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, कोरोजन (गंज) हाच एक शब्द लिहून तो गेला.

मी एका सहकारी पतपेढीत हिशोब बघते. कागद वाचायची सवय आहे, तरी हे कागद मी त्या दिवसापर्यंत फक्त पुढच्या बाजूने पाहिले होते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात वर्षं असतात, मागच्या बाजूला बारीक अक्षरात कारणं. पुढचे काही आठवडे मी ती मागची बाजू वाचली, फोन केले, पत्रं लिहिली आणि त्यातून जे समजलं ते इथे मांडते. एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे: भरपाई मिळणार की नाही हे ठरतं ते वस्तू कशाने बिघडली यावर. काय बिघडलं हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि कशाने बिघडलं हे पहिल्यांदा कागदावर लिहितो तो मॅकेनिक, बहुतेकदा घाईत, पुढच्या कॉलला जायच्या आधी.

आधी तारखांचं सांगते. आमचं घर मुलुंड पूर्वेला, बांधकाम चालू असतानाच बुक केलेलं. बिल्डरने २०२० च्या दिवाळीला ताबा देतो म्हटलं होतं, म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये दोन एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन घेतलं. ताबा मिळाला २०२१ च्या फेब्रुवारीत. तोवर सगळी खोकी ठाण्याला दिरांच्या घरी, न उघडता. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू. मुंबईत ताब्याची तारीख पुढे ढकलली जाणं इतकं रोजचं आहे की हजारो घरांत हेच झालं असेल. नंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना कळवलं, की जी उपकरणं कंपनीच्या माणसानेच बसवायची असतात त्यांची वॉरंटी खरेदीच्या नव्हे तर बसवल्याच्या तारखेपासून मोजावी. पण ते कळवणं होतं, सक्ती नाही. म्हणून आता ओळखीत कोणी नवीन घरासाठी खरेदी करत असेल तर मी सांगते, दुकानदाराशी बोलून भाव आज पक्का करा, थोडी रक्कम द्या, पण बिल डिलिव्हरीच्या दिवशीचं मागा. बरेच दुकानदार ऐकतात. आणि त्या बिलावर इनडोअर आणि आऊटडोअर अशा दोन्ही युनिटचे सीरियल नंबर आहेत ना, ते पाहा. दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणारं गुळगुळीत कागदाचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. आमच्या फ्रिजच्या बिलावरची शाई दोन वर्षांत पार उडाली होती, फोटो होता म्हणून निभावलं.

आता प्लॅनची मागची बाजू. आमच्या प्लॅनमध्ये संरक्षण होतं ते "उत्पादनातील दोषामुळे होणाऱ्या यांत्रिक किंवा विद्युत बिघाडाला". पुढे वगळलेल्या गोष्टींची रांग: गंज, उंदीर आणि किडे यांनी केलेलं नुकसान, व्होल्टेजमधला चढउतार, पाणी शिरणं, प्लास्टिकचे आणि शोभेचे भाग, फिल्टर, रिमोट, अनधिकृत माणसाने केलेली दुरुस्ती. गॅस भरण्याबद्दल वेगळं वाक्य होतं. नुसता गॅस कमी झाला म्हणून भरून मिळणार नाही, पण प्लॅनमध्ये बसणाऱ्या दुरुस्तीसाठी गॅस काढावा लागला तर तो भरून देणं त्या दुरुस्तीचाच भाग. हे वाक्य मी पेन्सिलने अधोरेखित केलं, कारण माझे तीनेक हजार त्याच्यावर अवलंबून होते.

गंज वगळलेला, आणि मॅकेनिकने लिहिलेलं कोरोजन. वरवर पाहता विषय संपला होता. पण त्याने इनडोअर युनिट उघडून कॉइल बाहेर काढलीच नव्हती. गळती नेमकी कुठे आहे हे न पाहता त्याने कारण लिहिलं होतं. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: आमच्या भागात कॉइल खरंच गंजते. एका बाजूला ठाण्याची खाडी, मिठागरं, कांदळवन. हवेत खारेपणा असतो, आणि खाडी-नाल्यांच्या कडेला सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. तांब्याच्या नळ्यांना तो खातो, नळ्या काळ्या पडतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. असे एसी रोज पाहणारा माणूस न उघडताही तेच लिहिणार. पण माझ्या एसीचं कारण काय, हे माझ्या एसीत बघूनच ठरायला हवं होतं.

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल केला. त्यात राग किंवा गाऱ्हाणं काहीच लिहिलं नाही, तीनच गोष्टी मागितल्या: गळतीची जागा शोधून ती जॉब शीटवर लिहा, ती जागा दाखवणारा फोटो द्या, आणि प्लॅन नाकारत असाल तर कुठल्या कलमाखाली ते लेखी कळवा. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि नवं उत्तर मिळायचं. ईमेलचं उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते एकच, आणि ते पुढे दाखवता आलं.

दुसऱ्या वेळी जो मॅकेनिक आला तो दिव्याहून यायचा, वयाने मोठा, हाताला वळण असलेला. त्याने सिस्टीममध्ये नायट्रोजन भरून दाब धरून ठेवला आणि साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडाला लावत गेला. मी स्टुलावर उभी राहून टॉर्च धरला होता. कॉइलच्या कडेला जिथे वाकवलेल्या नळ्या दुसरा धातू वितळवून जोडलेल्या असतात (त्याला ब्रेझिंग म्हणतात), तिथल्या एका जोडातून बुडबुडे यायला लागले. नळी काळी पडलेली नव्हती, कुठे हिरवटही नव्हती. "हा जोडच कच्चा आहे ताई," तो म्हणाला, "फॅक्टरीतला." मी विचारलं, "दादा, मग तुम्ही शीटवर हेच लिहाल ना?" त्याने लिहिलं: इनडोअर कॉइल, ब्रेझिंग जॉइंटमधून गळती, गंज नाही. फोटोही त्यानेच काढून पाठवला. त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याला कुठलंही कारण लिहिता आलं असतं, त्याने जे दिसलं ते लिहिलं.

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. झालं नाही. प्लॅन चालवणारी कंपनी वेगळी, एसीची कंपनी वेगळी, दुकान वेगळं. दुकानदार म्हणाला आमचं काम विकण्यापुरतं. प्लॅनवाल्यांकडे पहिल्या मॅकेनिकची शीट आधीच चढलेली होती, आणि त्यावरून "दावा नामंजूर" असा मेसेज येऊन तक्रार बंद झाली होती. दुसरी शीट पाठवली तर नवा तक्रार क्रमांक मिळाला आणि जुन्या नकाराचा हवाला देऊन तोही बंद झाला.

इथे ओटीपीबद्दल थांबून सांगायला हवं. आता बहुतेक कंपन्यांत काम झाल्यावर ग्राहकाच्या फोनवर एक ओटीपी येतो आणि तो मॅकेनिकला सांगितला की तक्रार बंद होते. मॅकेनिक बऱ्याचदा येता क्षणी किंवा पार्ट मागवायचा असतानाच तो मागतात. "पार्टची नवीन तक्रार टाकतो, ही बंद करू द्या" म्हणतात. त्यांचाही नाइलाज असतो. दिवसात ठरावीक कॉल बंद झाले नाहीत तर त्यांचे पैसे कापले जातात, असं एकाने मला सांगितलं. पण तो ओटीपी म्हणजे काम समाधानकारक झालं अशी तुमची सही असते. यंत्र चालू झाल्याशिवाय मी तो देत नाही. नम्रपणे सांगते, चहा विचारते, पण देत नाही. आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांच्या फ्रिजची तक्रार कागदोपत्री पूर्ण होऊन गेली होती आणि फ्रिज तसाच बंद, कारण येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विश्वासाने आकडे सांगितले होते. वयस्कर माणसांच्या घरी हे फार होतं आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो.

शेवटी मी १९१५ ला फोन केला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते आदेश देत नाहीत, दंड करत नाहीत. तक्रार नोंदवून ती संबंधित कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागवतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या या यंत्रणेशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार कॉल सेंटरच्या साखळीतून न जाता थेट तक्रार निवारण बघणाऱ्या माणसापर्यंत पोचते. मी दोन्ही शीट, फोटो, बिल, प्लॅनचं ते अधोरेखित पान, असं सगळं जोडलं. मागणी एका वाक्यात लिहिली: कॉइल बदलून द्यावी आणि अमुक कलमानुसार गॅस त्याच खर्चात भरावा.

याच काळात विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत जाऊन आले. आमच्या आईपासूनची ओळख. महिन्याच्या वाटपाचं सामान गटात घेणारी ती पिढी. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेचं तक्रार मार्गदर्शनाचं काम कित्येकांना माहीत नसतं. तिथल्या कार्यकर्त्या बाईंनी माझी फाइल चाळली आणि पुढचा रस्ता नीट समजावला. हेल्पलाइनवर जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दिल्लीला असो की बंगळुरूला. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी वांद्रे पूर्व. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ऑनलाइनही करता येते. तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, २०२५ पासून ई-जागृती आलं. "मुदत विसरू नका," असं त्या बाईंनी निघताना पुन्हा बजावलं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. हेल्पलाइनवरच्या तक्रारीनंतर प्लॅनवाल्यांच्या वरिष्ठ कार्यालयातून फोन आला, दुसरी शीट ग्राह्य धरली गेली, कॉइल बदलली, गॅसही त्यातच भरून मिळाला. फक्त एक खर्च माझ्यावर आला. आमचं आऊटडोअर युनिट इमारतीच्या डक्टच्या बाजूला, लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेलं. तिथे उभं राहायला जागा नाही. सेफ्टी बेल्ट बांधून माणूस उतरवायचा खर्च कुठल्याच प्लॅनमध्ये नसतो. तो मी दिला, आणि तो द्यायलाच हवा. मुंबईत बाराव्या-पंधराव्या मजल्यावर दोरीशिवाय बाहेर लोंबकळून काम करणारी मुलं पाहिली की पोटात गोळा येतो. बेल्ट नसेल तर काम थांबवा, वॉरंटी संपली तरी चालेल.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिला हे सगळं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे होम वॉरंटी असते. वर्षाला एकदा पैसे भरायचे, काहीही बिघडलं तरी एकच नंबर." मला हेवा वाटला. मग मी तिच्याकडून तिचा करार मागवला आणि एका रविवारी बसून वाचला. अमेरिकेत हा धंदा १९७१ पासूनचा. अमेरिकन होम शील्ड ही त्यातली सुरुवातीची कंपनी. जुनं घर विकताना विकणारा किंवा दलाल पहिल्या वर्षाची वॉरंटी घेणाऱ्याला देतो, अशी तिथली पद्धत. हीटिंग, प्लंबिंग, वायरिंग, स्वयंपाकघरातली यंत्रं, सगळं एका करारात. पण प्रत्येक वेळी माणूस आला की भेटीचे ठरावीक पैसे वेगळे. प्रत्येक वस्तूवर रकमेची वरची मर्यादा. घर घ्यायच्या आधीपासून असलेला दोष बाद. देखभाल नीट केली नसेल तर बाद. भिंती, छप्पर, पाया मुळातच करारात नाहीत. तिच्या घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा दावा एकदा नाकारला होता, कारण दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या तिने ठेवल्या नव्हत्या. म्हणजे नंबर एकच असला तरी प्रश्न तोच: कशाने बिघडलं, आणि ते कागदावर आहे का.

तरी त्या करारामुळे मला आपल्या घराकडे बघायची एक पद्धत मिळाली. तिच्याकडे जे एका कागदात आहे ते आपल्याकडे पाच-सहा ठिकाणी विखुरलेलं असतं, आणि ते एकत्र मांडलं तर बरंच काही आपल्याकडे आधीपासूनच असतं. मी एक फाइल केली.

त्यात सगळ्यात निराळा निघाला तो घराचा विमा. गृहकर्जाबरोबर बँकेने घ्यायला लावलेला, भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना हा एकसारखा नमुना ठेवायला सांगितला आहे. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान, हे त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला तर घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांचे फ्रिज, टीव्ही, कपाटं चिखलात गेली. त्यातल्या फार थोड्यांकडे विमा होता. पण हाच विमा शॉर्ट सर्किटने जळालेल्या फ्रिजचे पैसे देत नाही. त्या फ्रिजमधून आग पसरून स्वयंपाकघर जळालं तर स्वयंपाकघराचे देतो, ज्या यंत्रात बिघाड झाला त्या यंत्राचे नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं. झीज तर कुठलाच विमा देत नाही.

वॉशिंग मशीनचा किस्सा लहान आहे. एका रात्री वीज जाऊन-येऊन झाली आणि सकाळी मशीनचा बोर्ड गेला. मोटरवर दहा वर्षं होती, बोर्ड म्हणजे मोटर नव्हे. पैसे भरले. गीझरच्या बाबतीतही असंच काहीसं. पालिकेचं पाणी तलावांचं, गोडं. पण उन्हाळ्यात टाकीत टँकरचं पाणी मिसळलं की कॉइलवर क्षार बसतात, आणि "जड पाण्यामुळे झालेलं नुकसान" हे गीझरच्या कार्डावर ठळकपणे वगळलेलं आहे. आता दिवाळीच्या आधी गीझर उघडून साफ करून घेते आणि पावती फाइलला लावते.

सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिची नियमावली, तीही त्याच फाइलमध्ये आहे. इमारतीबाहेरच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, गच्ची, लिफ्ट, पावसाची गळती, आणि विजेची लाइन तुमच्या घरातल्या मेन स्विचपर्यंत, हे सगळं सोसायटीच्या खर्चाचं. मेन स्विचच्या आतलं तुमचं. किती भांडणं या एका ओळीने मिटतील! आमच्याकडे मीटर रूमपासून घरापर्यंतची केबल गरम होत होती तेव्हा सेक्रेटरी आधी "ज्याचं त्याने" म्हणाले. उपविधीचं पान दाखवल्यावर त्यांनीच इलेक्ट्रिशियन बोलावला.

आणि आता ज्याच्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते. २०२४ च्या पावसाळ्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छतावर ओल, रंगाचे पापुद्रे सुटलेले. "तुमच्या नहाणीतून येतंय बघा," म्हणाल्या. बिल्डरच्या ऑफिसला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, ताब्याच्या पत्रात डिफेक्ट लायबिलिटी (दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी) बारा महिने आहे, ती २०२२ लाच संपली. पत्रात खरंच तसं होतं.

पण नोंदणी केलेल्या करारनाम्यात पाच वर्षं होती. आणि करारनाम्यात नसती तरी कायद्यात आहेत. बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या रेरा कायद्याचं कलम १४, पोटकलम ३: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरने तो कसलेही पैसे न घेता तीस दिवसांच्या आत दुरुस्त करायचा. नाही केला तर घरमालकाला भरपाईचा हक्क. ताब्याच्या पत्रावर बिल्डरने काहीही छापलं तरी कायदा त्याच्या वर असतो. माझ्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी ते बारा महिन्यांचं पत्र खरं मानून स्वतःच्या पैशाने वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

इथेही प्रश्न तोच, कशाने. करारनाम्यातच पुढे लिहिलं होतं की घरमालकाने बाथरूम, संडास किंवा स्वयंपाकघरात परवानगीशिवाय बदल केले आणि त्यातून गळती झाली तर बिल्डरची जबाबदारी संपते. झीज आणि निष्काळजी वापरही बाहेर. ज्यांनी ताबा घेताच बिल्डरच्या टाइल्स फोडून नव्या बसवल्या त्यांचं प्रकरण तिथेच अवघड होतं. आमच्या बाथरूमला हात लागलेला नव्हता, आणि ताबा घेतानाचे फोटो होते.

मी ईमेल केला आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवलं. ताब्याची तारीख, दोषाचं वर्णन, दोन्ही घरांचे फोटो, कलमाचा उल्लेख आणि तीस दिवस. त्यांचा साइट इंजिनीअर आला. त्याचा पहिला सूर "वापरामुळे" असाच होता. मी म्हटलं, तपासून लिहा. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जिथून खाली जातं ते तोंड) बंद करून फरशीवर रंगीत पाणी दिवसभर भरून ठेवलं. खाली काकूंकडे काहीच आलं नाही. मग ट्रॅप उघडून पाणी सोडलं, आणि काही तासांत त्यांच्या छतावर रंग उतरला. म्हणजे फरशी आणि तिच्याखालचा कोबा ठीक होता. ट्रॅप आणि खालच्या पाइपचा जोड नीट बसवलेला नव्हता. कारागिरीतला दोष. इंजिनीअरने रिपोर्टवर तसं लिहिलं आणि सही केली. ट्रॅपभोवतीचं फोडून जोड नव्याने केला, वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं, आणि काकूंच्या छताला पुट्टी-रंगही बिल्डरनेच दिला. त्या रंगासाठी वेगळं पत्र लिहावं लागलं, कारण आधी ते म्हणत होते की करार तुमच्याशी आहे. पण काकूंचाही बिल्डरशी करार आहेच, म्हणून त्या पत्रावर काकूंनीही सही केली.

बिल्डरने ऐकलं नसतं तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जायचं ठरवलं होतं. तिथे सुनावणीच्या आधी सलोखा मंचाचा मार्गही असतो. २०१८ पासून चालू असलेल्या त्या मंचावर ग्राहक पंचायतीचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण तिथे मिटलं आहे.

आमच्या इमारतीची पाच वर्षं २०२६ च्या फेब्रुवारीत पूर्ण होणार होती, म्हणून त्याआधी आम्ही काही जणींनी मिळून प्रत्येक मजल्यावर जाऊन यादी केली. बाहेरच्या भिंतींवरच्या भेगा, खिडक्यांच्या खालून येणारी ओल, गच्चीवरच्या टाकीची गळती, लिफ्टच्या डक्टमध्ये पावसाळ्यात साचणारं पाणी. ज्यांचा ताबा नंतरचा आहे त्यांची तारीख वेगळी, तीही लिहिली. प्रत्येक नोंदीसमोर फोटो आणि एक रकाना: कारण काय वाटतं. आमच्यातल्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनीअर काकांनी तो रकाना तपासला आणि रंग उडण्यासारख्या झिजेच्या नोंदी काढून टाकायला लावल्या, म्हणजे बाकीच्यांचं वजन कमी होऊ नये. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं, मुदतीच्या आत, शिक्क्यासह पोच घेऊन.

ए विंगच्या बाहेर आता परांची लागली आहे आणि भेगा भरायचं काम चालू आहे. बी विंग त्यानंतर. लिफ्टच्या डक्टबद्दल बिल्डर म्हणतो की पाणी सोसायटीने केलेल्या पत्र्याच्या शेडमुळे येतं. काकांनी पाऊस पडण्याआधी पाइप लावून पाणी सोडून बघायचं ठरवलं आहे, दोन्ही बाजूंचे लोक समोर उभे असताना.